हलू नका

रोज सकाळी आठ ते दोन
जाड काचेमागून मी सांगतो :
श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा.
एकवीस वर्षांत माझ्यासमोर
कुणी हसून उभं राहिलेलं नाही,
आणि राहिलं असतं तरी
फिल्मवर उमटल्या असत्या फक्त बरगड्या.

तरी ब्लड बँकेतले शिरढोणकर म्हणाले,
किल्ल्याचे काढतोस, कबुतरांचे काढतोस,
आमच्या शलाकाचं लग्न तूच काढ.
बाकीचे चाळीस हजार मागतात रे.
नाही म्हणायला जो श्वास घेतला होता
तो जरा जास्तच वेळ धरला गेला.

जानेवारीचा शेवट. लष्करात साडेनवाला
समोरच्या गजकवाल्याची पाटी दिसत नव्हती.
वऱ्हाडाची बस डबऱ्याजवळ धुक्यात अडकलेली,
मुहूर्त दहा बेचाळीसचा,
आणि भटजी मनगटावरून नजर उचलून
माझ्याकडे बघत,
जणू धुकं मीच सोडलं होतं.

गळ्यातला पट्टा पाहून एक काकू म्हणाल्या,
"भैया, हमारा भी एक खींच देना."
काढतो की, म्हटलं.
"अगंबाई, हा तर आपल्यातलाच!"
आणि पदर सारखा करायचा राहिला.

गौरीहराच्या खोलीत शलाका अन्नपूर्णेसमोर,
मुठीत तांदूळ, नाकात नथ, दंडावर वाकी,
आणि मी कॅमेरा डोळ्याला लावून, सवयीनं :
"दागिने काढून ठेवा."
सगळ्या बायका वळल्या.
शलाका हसली, अगदी मान मागे टाकून.
ते मला मिळालं नाही.

नवऱ्याचं नाव अनिमेष.
बसमधून उतरल्यापासूनच्या एकशे बारा फोटोंत
त्याचे डोळे मिटलेले.

मग कुणीतरी ओरडलं, नवऱ्याची आजी बसमध्येच आहे,
उतरतानाचा एक हवा. धावलो.
आजी दहा मिनिटं चप्पल शोधत होती.
परत आलो तो मंगलाष्टकं सुरू,
आणि दोनशे माणसांच्या उबेत शिरताच
लेन्सवर ग्वाल्हेरची अख्खी सकाळ बसली.
शर्टाच्या टोकानं पुसली, पुन्हा बसली.
आत्यानं स्वतः रचलेली सहा कडवी संपली,
प्रत्येक सावधान मला उद्देशून,
आणि अंतरपाट पडला.
माझ्याकडे आले दोन पांढुरके डाग,
मध्ये थोडं केशरी.
आमच्या खात्यात असं काही दिसलं
तर ते वरच्या डॉक्टरांकडे पाठवतात.

लेन्स निवळली तेव्हा मंगळसूत्र आलं होतं.
रोज मी ते उतरताना बघतो.
कुणाचा फासा गंजलेला, कुणी भिंतीकडे वळून,
कुणी विचारतं, काळी पोत राहू दिली तर चालेल?
बाहेर बाकावर नवरा तळहात पुढे करतो
आणि मुठीत काय आहे ते
आत नंबर असेपर्यंत बघत नाही.
चढताना मी पहिल्यांदाच बघत होतो.
अनिमेषची बोटं थरथरत होती, आकडा बसेना.
शलाकानं श्वास धरला होता.
मी सांगितलं नव्हतं.
हललीही नाही.
एकच काढला.

पंधरा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत
शिरढोणकरांनी सगळे चाळले.
धुरकट तेवढा बाजूला काढला. हा काय?
अंतरपाटाचा, मी म्हणालो. गेला तो. माफ करा.
त्यांनी तो माझ्या पेटीच्या उजेडासमोर धरला,
उगाच, कागदातून काही दिसत नाही तरी.
मग म्हणाले, हा मोठा करून दे.
मला त्या वेळी असंच दिसत होतं.

बाहेर रांग होती.
पुढची बाई आत आली, छातीचा होता.
दागिने काढून ठेवा, म्हणालो, नेहमीसारखंच,
आणि तिचा फासा सुटेपर्यंत
कॅसेट पुसत बसलो,
जी पुसलेलीच होती.